झोळीतल्या रजाईला सुटलेलं पाणी

बाबा, तुमची पणती काल पुन्हा महूच्या पुढच्या डोंगरावर झोपायला गेली आहे आणि ऊन वर आलं तरी तिचा फोन नाही. तंबूत नाही हो, दोन झाडांना झोळी बांधून! हॅमॉक म्हणतात त्याला. आपण तान्ह्यांना साडीची बांधायचो तशीच, फक्त हिच्यात घोडीएवढी पोरगी मावते. तेही पौषाच्या थंडीत. मी म्हटलं, घरातला पलंग काय काट्यांचा आहे? तर म्हणते, "आज्जी, तुला नाही समजणार, मजा क्या होती है!" हसूच आलं मला. हट्ट अगदी तुमचा, नाकसुद्धा तुमचंच.

पण जीव थाऱ्यावर नाही. मागच्या वेळी दव पडेल म्हणून मीच तिच्या रजाईला वरून प्लास्टिक शिवून दिलं, गव्हाच्या पोत्यांवर टाकतो ते जाड. चारी बाजूंनी टाके घातले, वारा शिरायला नको. पोरगी कुडकुडत परतली, रजाई पिळली तर पाणी! मी म्हटलं, पाऊस पडला का गं? "पाऊस कुठला, माझीच वाफ. तुझ्या प्लास्टिकने बाहेर जाऊच दिली नाही." मग किती दिवस खोकत होती. सूनबाईने तेव्हाच बजावलं, "आता भिजून आली तर हे डोंगर-बिंगर सब बंद." ती बोलते ते करते.

तेव्हा तुम्ही आठवलात. महूचं क्वार्टर, चुलीवर चहा उकळतोय, मी उठल्या उठल्या अंथरूण गुंडाळते आणि तुम्ही पलटणीतल्या आवाजात ओरडता, "उलगड ते! रात्रभराचा श्वास आहे त्यात, आधी जाऊ दे." चहा होईपर्यंत अंथरूण खाटेवर उलटं. तोंडावर पांघरूण ओढलं की लगेच "नाक बाहेर!" मला वाटायचं, फौजेत माणसाचं डोकं फिरतं. हे सगळं ऐकूनही मी प्लास्टिक शिवलं, आता बोला! या वेळी पोरीने ते स्वतःच उसवलं. झोळीवर ताडपत्रीचं छत उंच बांधणार, दोन्हीकडून वारा खेळता ठेवणार, खालून गार लागतं म्हणून झोळीखाली वेगळी रजाई लावणार. मी मफलर दिला, तर म्हणे तोंडावर नाही, कानांवरच बांधीन.

थांबा, फोन वाजतोय.

आला बाबा! "आज्जी, एकदम सुखी!" रजाईला पायाशी जराशी ओल आहे म्हणे, तेवढी बाजू उन्हात टाकली आहे, पोहे खाऊन निघते. सूनबाईने आतून विचारलं, "भिजली का?" मी म्हटलं, "कोरडी खडखडीत." पायाचं काही बोलले नाही.

आता तरी स्वस्थ बसावं ना? नाही बसवत. घरात या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालते आहे. हे पत्र कुणाला पाठवायचं नाही म्हणून लिहिते: काळजी होती थोडी, पण सकाळपासून जी तगमग आहे ती काळजीची नाही. मला त्या झोळीत झोपायचं आहे, बाबा.