दुसऱ्या आशला अर्धी किंमत

३ जून
आजपासून यार्डाची इंटरनेटवरची जाहिरात माझ्याकडे. बायकोला, सायकालला, मुलगी होऊन महिना झाला, तिला आता जमत नाही, म्हणून माझी निवड झाली. एजे म्हणाल्या की दुसरं कोणी मोकळं नव्हतं. म्हणजे निवडच.
बुरमाकान एजे म्हणजे बायकोची थोरली बहीण आणि यार्डाची मालकीण. लोकरीच्या नमद्याचे गोल तंबू, मोठाल्या कढया, त्यासोबत आचारी, समोवार, टेबलं, सगळं भाड्याने. लग्न असो की मयत, अर्धं बिश्केक आधी एजेंना फोन करतं.
ठरलंय असं: हंगाम चांगला गेला तर जाहिरातीचं काम कायमचं माझं आणि ऑफिसातली खुर्चीही. नाहीतर पुन्हा ट्रकवर तंबूच्या काठ्या चढवायच्या. तीन वर्षं चढवल्या. पुरे.

४ जून
सायकालने खातं कसं ठेवलंय ते पाहिलं. डोकंच धरलं. विकत घेतलेल्या शब्दांचे शंभराच्या वर गट. एका गटात ‘तंबू भाड्याने’, दुसऱ्यात ‘तंबू भाड्याने आज लगेच’. विचारलं, फरक काय? म्हणाली, पहिल्याच्या घरी लग्न आहे, दुसऱ्याच्या घरी माणूस गेलंय. म्हटलं, हे तुला कोण सांगून गेलं? म्हणाली, फोन उचलला की कळतं, तू उचलतोस कधी?
बाळंतपणानंतर बायका चिडचिड्या होतात. मनावर घ्यायचं नाही.
संकल्प: सगळ्याचे पाच गट. सुटसुटीत.

७ जून
एजेंना चहाच्या वेळी सगळं समजावून सांगितलं. लोक फोनवर जे शोधतात ते शब्द आपण विकत घेतो. कोणी आपल्या जाहिरातीवर बोट लावलं की आपले पैसे कटतात. जाहिरात त्या शब्दाला शोभेशी असली की तिला दहापैकी चांगले गुण मिळतात, आणि गुण चांगले असले की पैसे कमी कटतात. सध्या गुण आठ. मी गटांची नवी मांडणी करणार, आणि गुणांना धक्काही लागणार नाही.
एजे म्हणाल्या, आठ आहेत ना, मग कशाला हात लावतोस?
व्हिजन नाही. कढया विकत घेता येतात, व्हिजन नाही.

१२ जून
पाच गट तयार. तंबू, भांडी, लग्न, मयत, आश.
आशवरून घरात वाजलं. आमच्या दक्षिणेत, ओशकडे, आश म्हणजे पुलाव. गाजर, मटण, लसणाचे अख्खे गड्डे. सायकालच्या माहेरी, उत्तरेत, आश म्हणजे माणूस जाऊन वर्ष झालं की त्याच्या नावाने घालतात ते गावजेवण. तिने हा एकच शब्द चार ठिकाणी विभागून ठेवला होता. ‘आशसाठी आचारी’ इकडे, ‘वडिलांचा आश’ तिकडे. मी सगळं एकत्र आणलं. शेवटी दोन्हीकडे लोक जेवतातच ना.
सायकाल म्हणाली, तुझ्या ओशवाल्यांचा पुलाव आणि माझ्या आजोबांचं वर्षश्राद्ध तू एका पातेल्यात घातलंस.
हे प्रांतीय बोलणं आहे. मी उठून गेलो. मुलगी रडत होती, ते निमित्त बरं मिळालं.

१३ जून
जुने गट पुसून टाकले. सायकाल म्हणाली होती पुसू नकोस, नवे गट शेजारी उभे कर, थोडे थोडे शब्द हलव, जे चांगले चाललेत त्यांना हात लावू नकोस, प्रत्येक गटाला त्याची त्याची जाहिरात लिही, गुण वर्षानुवर्षं साठलेले असतात. मान्य. पण घर झाडायचं तर कोपऱ्या-कोपऱ्याने कोण झाडतं?
खातं आता इतकं स्वच्छ दिसतंय की बघत बसावंसं वाटतं. दुपारभर बघत बसलो.

१७ जून
गुण तीन.
यंत्राला मी नवा आहे. ओळख व्हायला वेळ लागतो.

२३ जून
एका क्लिकला दुप्पट पैसे जातायत. एजेंनी विचारलं. सांगितलं, ही गुंतवणूक आहे. म्हणाल्या, गुंतवणूक मी मेंढ्यांत करते, मेंढी निदान दिसते तरी.
दोन ट्रक उभे आहेत. पोरं सावलीत पत्ते खेळतायत. मला बघून हसतात. हसोत.

२८ जून
दोष मांडणीत नाही हे आज कळलं. दोष जाहिरातीच्या मजकुरात आहे. रटाळ मजकूर. सायकालचं आपलं तेच, ‘तंबू व कढया, वेळेवर, घरपोच’. यात जीव कुठे आहे?
आशच्या गटासाठी स्वतः लिहिलं: ‘आश करताय? पोटभर खा, मनसोक्त नाचा. दुसऱ्या आशला अर्धी किंमत.’ डोक्यात अर्थात पुलावाची दुसरी कढई होती. एकदा आमचा पुलाव खाल्लेला माणूस पुन्हा मागतोच. खाली एजेंच्या यार्डाचं नाव, ठळक.
सायकालला दाखवलं नाही. तिची झोप आधीच कमी होते.

३ जुलै
क्लिक पाचपट. गुण नऊ. सायकालचे आठ होते, माझे नऊ. हे इथे लिहून ठेवतो, कारण घरात म्हणायची सोय नाही.
फोनही वाढलेत, माझा नंबर दिलाय. एकाने विचारलं, दुसरा आश त्याच घरातला असावा लागतो का? म्हटलं, नाही, कोणाचाही चालेल. दुसऱ्याने विचारलं, ऑफर कधीपर्यंत? म्हटलं, हंगाम संपेपर्यंत. तो म्हणाला, सासरे तोपर्यंत तयार होतील असं वाटत नाही, आणि फोन ठेवला. सासऱ्यांना पुलाव आवडत नसावा.

६ जुलै
ओशहून मावसभावाचा फोन. म्हणाला, तुमची जाहिरात इथपर्यंत पोचली, लोक फोटो काढून एकमेकांना पाठवतायत. विचारलं, काय म्हणतायत? म्हणाला, हसतायत.
ब्रँड असाच उभा राहतो. ऑर्डर मात्र एकही नाही. सुरुवातीला असंच असतं.

११ जुलै
आज जे झालं ते थोडक्यात.
उत्तरेतल्या नारिन गावचे साद्यक आके, म्हणजे साद्यकदादा, एजेंचे जुने गिऱ्हाईक, वीस वर्षांपासूनचे. त्यांच्या आईचा आश आहे, सहा तंबू ठरलेले. त्यांनी फोन करून सगळे रद्द केले. एजेंनी कारण विचारलं. म्हणाले, बाई, आम्हाला आई एकच होती.
एजे माझ्याकडे आल्या, जाहिरात मोठ्याने वाचायला लावली. वाचली. मोठ्याने वाचल्यावर जरा वेगळी वाटते हे खरंय. एजे खाली बसल्या. एजेंना बसलेलं मी जेवतानाच पाहिलंय.
मी म्हटलं, काढायची तर काढू, पण घाईत काढली तर गुणांना धक्का बसेल, नऊ गुण हाताने कोणी खाली आणतं का? सायकालने एका हाताने मुलीला पाजत दुसऱ्या हाताने माझा फोन ओढला आणि जाहिरात काढून टाकली. मग म्हणाली, तीन वर्षं मी एकेक शब्द लावला रे.  मुलगी तेवढी मजेत होती.

१९ जुलै
खात्याचा पासवर्ड बदललाय. तांत्रिक अडचण असेल म्हणून सायकालला विचारलं. म्हणाली, हो, अडचण समोर उभी आहे.
ती रात्री मुलगी झोपली की एकेक गट पुन्हा लावते. मी म्हटलं, मदत करू? तिने लंगोट धुवायला दिले.

२ ऑगस्ट
हंगाम असाच चाललाय. लोक दुसऱ्या यार्डात जातात. एजेंना बाजारात बायका विचारतात, कोणाला लवकर वर पाठवायचं ठरवलंय का.
सगळ्यात वाईट म्हणजे ३० तारखेला जेनिश जेझ्देंचा आश. एजेंच्या नवऱ्याचा. वर्ष झालं. एजेंना तो मोठा करायचा होता, सगळं नारिन बोलवायचं होतं. आता म्हणतात, बोलावलं तर लोक येतील का, आणि आले तर काय तोंडाने येतील?
तंबूचं वरचं कडं कसं बांधायचं ते मला जेझ्देंनी शिकवलं. ते असते तर ही जाहिरात बघून हसले असते.
नसते हसले.

३० ऑगस्ट
जेझ्देंचा आश झाला. लोक आले. आम्हाला वाटलं त्याहून जास्त आले. मला मोठ्या तंबूच्या दारासमोर, मोठ्या कढईपाशी उभं केलं होतं, धूर येतो त्या बाजूला.
साद्यक आकेही आले. प्रार्थना झाली, मांस वाढलं गेलं, आणि मग मोठ्या तंबूत सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, बुरमाकान, हा आश पूर्ण किमतीचा की अर्ध्या?
 सायकालने मान खाली घातली. मी कढईच्या मागे सरकलो.
एजे म्हणाल्या, हा पूर्ण किमतीचा आहे, आके. अर्ध्या किमतीचा तो तिथे उभा आहे, आमच्या घरचा जावई. तारीख तुम्ही सांगा.
आधी आके हसले, मग सगळा तंबू. सायकाल हसून हसून डोळे पुसत होती. जेझ्दे गेल्यापासून एजेंना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. मीही हसलो, जरा उशिरा.
जाताना आके म्हणाले, आईचा आश ऑक्टोबरात आहे, सहा तंबू पाठव, पैसे पूर्ण घे. एजेंनी त्यांचे हात धरले.
आके गेल्यावर मी एजेंना शांतपणे सांगितलं की एका अर्थी ही ऑर्डर जाहिरातीमुळेच आली असं म्हणता येईल.
एजे म्हणाल्या, कढई घास.
घासली.