परटाकडची शाल

नोला, ऑक्टोबरच्या इडसच्या, म्हणजे महिन्याच्या मध्याच्या, आदल्या दिवशी

प्रिय प्रिमाताईस,

सेकुंडाचा नमस्कार. ‘तू बरी असशील तर ठीक, मी बरी आहे’ असं आपण सवयीने लिहितो. आज मात्र मी खरंच बरी आहे.

इकडे द्राक्षं उतरली. मागची खोली झाडून ठेव. किती दिवसांसाठी, ते सांगते.

तुला कळवलं नाही, कारण लिहायला हात धजला नाही. ट्रेबियसने माझ्यावर बदफैलीचा आळ घेतला होता. शेजारच्या ओपियाने त्याचे कान भरले: तुझी बायको स्नानगृहामागच्या बासरीवाल्याच्या घरात शिरली. तोंड झाकलेलं होतं, पण शाल तीच, पांढरी, निळ्या दोऱ्याने रफू केलेली. आईच्या हातची ती रफू मीच गावभर मिरवली होती ना!

शाल तेव्हा परटाकडे होती. पण गिऱ्हाइकाचं कापड कुणी अंगावर घेतलं तर दंड परटाला. तो म्हणाला, आदल्याच दिवशी पोचवली. शाल घरी आली नव्हती हे माझ्या दासीला ठाऊक, पण गुलामाची साक्ष कोण धरणार?

दोन्ही घरची वडीलमंडळी बसली. सासूबाईंनी एक टोगा, बदफैली ठरलेल्या बाईला घालतात तो पुरुषी पेहराव, घडी घालून शेजारी ठेवला होता. निकाल विरुद्ध गेला, की माझा स्टोला, घरंदाज लग्नाच्या बाईचा झगा, उतरवून तो चढवायचा आणि रस्त्यावर काढायचं.

मामा म्हणाले, तू गप्प राहा. मी उठलेच. म्हटलं, “पुरुषाच्या कपड्याला डाग पडला तर तो परटाकडे जातो. बाईच्या कपड्याला पडला तर बाईच पंचांपुढे येते. हा कुठला न्याय?” मग ओपियाला एवढंच विचारलं, की जवळून पाहिलंस का?

ती फणकारली. “अंगाला घासून गेलीस. गंधकाने नाक चुरचुरलं माझं. म्हटलं, यारासाठी कपडे धुऊन निघालीय बाई.”

पांढरी व्हावी म्हणून गंधकाची धुरी दिलेली लोकर दिवसभर वाऱ्यावर टाकल्याशिवाय परीट घरी देत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणजे शाल थेट धुरीवरून कुणाच्या तरी अंगावर चढली होती. मामांनी परटाला बोलावलं. त्याच्यामागून त्याची दासी ख्रेस्ते रडतच आली. मालकाच्या मुलीच्या लग्नासाठी ती बासरीवाला ठरवायला गेली होती. म्हणाली, “एकदा तरी घरंदाज बाईसारखं डोक्यावरून घेऊन रस्त्याने जावंसं वाटलं, बाईसाहेब. लोक बाजूला होत होते.”

ताई, मला राग आणायचा होता. आला नाही. एका कापडाने तिला दुपारभर माणूस केलं आणि मला तेच माणसातून उठवणार होतं. परटाला बजावलं, हिच्या अंगाला हात लावलास तर दंडासाठी उभा करीन. शाल तिलाच दिली. आई रागावली नसती.

ट्रेबियस म्हणाला, “झालं गेलं विसर. चल आत.” मी म्हटलं, “तू ओपियाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवलास. आता तिच्याच हातचं जेव.” हुंडा परत करायचं मामांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

परवा निघते, कायमचीच. अंगावर स्टोला असेल, डोकं उघडं असेल. लोक बघतील, बघू देत. तू दारात घाबरू नकोस.

पुन्हा फक्त तुझी धाकटी,
सेकुंडा