पारवीचा हुलगा

१० जानेवारी १९४७

कुडुम् कुडुम्. पहाटेपासून तोच आवाज कानात. साठ वर्षांपूर्वी आमची शाळा तपासायला साहेब यायचे. त्यांचा घोडा खिडकीखाली हरभरा खायचा आणि आत आम्ही कविता म्हणायचो. त्याच्या दाढांचा ठेका आमच्या ओळींना कधी लागला, कळलंच नाही. मास्तर अडखळले तरी घोडा चुकत नसे.

आमची घोडी पारवी मात्र घरी कसाबसा कडबा चघळते आणि रस्त्यावर नेली की काहीच खात नाही. परवा संस्थानची दौड. सातारा ते सांगली, नव्वद मैल, तीन दिवस. पुरी करील त्याला पागेत चाकरी. माझा नातू लालासाहेब पलटणीतून सुटून आल्यापासून त्याच एका गोष्टीवर जीव टांगून बसलाय. पण उपाशी घोडी पळवली तर पोटशूळ उठून वाटेतच जाते. गेल्या साली कराडच्या अलीकडं एक अशीच पडली. मी पाहिलीय.

पोरगं म्हणतं, "आबा, तुमी फकस्त तिला खायला घाला. बाकीचं मी बघतो."

फकस्त!

११ जानेवारी

आमच्या घोडीची निगा राखणारा चांदसाहेब मोतद्दार जाऊन दोन महिने झाले. पारवी शिंगरू होती तेव्हापासून त्याच्याच हातची. हुलगा, म्हणजे कुळीथ, शिजवायचा, आधी चार दाणे स्वतः चघळायचा, मग तिच्या तोंडाला दाण्याची पिशवी, तोबरा, चढवायचा. शेवटच्या दुखण्यात त्यानं निरोप धाडला होता — "पारवीला एकडाव माज्या दारात आना." लालासाहेबाचा सराव चालला होता. मी म्हणालो, उद्या नेऊ. दुसऱ्या दिवशी त्याची मयत.

मग आमचं शहाणपण. दौडीची घोडी म्हणून हुलगा बंद, हरभरा सुरू. तोबरा गेलेल्या माणसाच्या हातचा — सुनेनं तो राखेच्या पाण्यात उकळून काढला. तिला तसं मीच सांगितलं. वास गेला, चव गेली. त्या दिवसापासून पारवीनं तोबऱ्याला तोंड लावलेलं नाही.

१२ जानेवारी, कराड

सर्व्हिस मोटारीनं पुढं आलो. लालासाहेब तीनच्या सुमाराला पोचला. घोडी घामानं निथळत होती. हरभरा दाखवला — मान फिरवली. गूळ, भिजवलेली पेंड, गव्हाचा कोंडा. नाहीच. शेवटी शाळेतली कविता म्हणून पाहिली. खरंच म्हटली, कडव्यांसकट. शेजारच्या घोड्याचा मोतद्दार केरबा बघत होता. "आबा, दुसरी म्हना," म्हणाला. "ही तिला पाठ हाय."

सगळे हसले. लालासाहेब हसला नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलंय, सकाळपर्यंत खाल्लं नाही तर पुढं सोडणार नाही.

१३ जानेवारी, सकाळ

तोबऱ्यात हरभरा जसाच्या तसा. डॉक्टरांनी पारवीच्या पोटाला कान लावला. म्हणाले, "चांगलं खाल्लंय की. काय घातलंत?"

"हरभरा," मी म्हणालो. खोटं का बोललो?

तिच्या ओठांना हुलग्याची टरफलं चिकटली होती. मी हुलगा आणलेलाच नाही.

१३ जानेवारी, तासगाव

आज पुन्हा तेच. हरभऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ठरवलं, इथंच बसायचं, नजर हलवायची नाही.

ऊन कलत होतं. लालासाहेब पाण्याला गेलेला. घोडीजवळ कुणी नव्हतं. एकाएकी तिनं कान टवकारले. मान खाली केली — तोबरा चढवताना करते तशी, शहाण्यासारखी. आणि रवंथ केल्यागत तोंड हलायला लागलं. घोडा रवंथ करत नाही, एवढं मला कळतं.

जवळ गेलो. तिच्या तोंडाखाली हात धरला. तळहातावर ऊन वाफ आली. शिजलेल्या हुलग्याचा वास.

हात मागं घेतला. अजून धुतलेला नाही.

नंतर लीद पाहिली. टरफलंच टरफलं. केरबाला दाखवली. तो आता थट्टा करेना. "आमच्यात हुलगा कुनीच आनला न्हाई आबा. समद्यांचा हरभरा." जाताना त्यानं आपला घोडा सोडून चार खुंट्या लांब बांधला.

१४ जानेवारी, सांगली

पोचली! बावीस निघालेली, नऊ पोचली, त्यात आमची पारवी. लालासाहेब तिच्या गळ्याला मिठी मारून रडला. लढाईवरून आला तेव्हा रडला नव्हता. पागेत चाकरी पक्की. संक्रांतीचा तिळगूळ तिच्यापुढं धरला, तिनं हुंगला नि सोडला.

संध्याकाळी लालासाहेबाला सगळं सांगितलं. तो सरळ म्हणाला, "हाजराबी असंल की, आबा. चांदसाहेबाची बायकू. आली असंल मोटारीनं मागनं. तिच्याबिगर हुलगा कोन शिजवनार?"

केवढं हलकं वाटलं! एवढी साधी गोष्ट सुचू नये? तासगावात माझी नजर दिपली असेल. वय झालंय. बाई रागानं समोर आली नसेल — आम्ही तिच्या नवऱ्याचा शेवटचा शब्द ठेवला नाही, आमच्यापुढं कशाला येईल? लाजायचं तर आम्हीच.

घरी गेल्यावर पारवीला तिच्या दारात नेणार. पाय धरायला लागले तरी धरणार.

१६ जानेवारी, घरी

संध्याकाळी निघणार होतो. दुपारीच दार वाजलं. उघडलं तर हाजराबी. काठीचा आधार, कडेवर फडक्यात बांधलेलं मडकं. चेहरा पांढराफटक.

"आबा, माफी करा. दौडीला माज्या मनात यायचं हुतं, पर धा दिस तापानं हातरुन सुटलं न्हाई. मुकं जनावर उपाशी पळालं असंल. आज उटले, तशी शिजवून आनलं."

मी दारातून बाजूला झालो. ती गोठ्यात गेली. पारवीनं तिची बाही कितीतरी वेळ हुंगली. मडक्याला तोंड लावलं नाही.

हाजराबीनं तिच्या पोटावरनं हात फिरवला.

"प्वाट तर भरल्यालं हाय," म्हणाली. "कोन चारतंय हिला?"