डावीकडे उभी असलेली नात

माझ्या विसराळू नातीस, आजीचे आशीर्वाद.

मी तुझ्या बापाची आई. बुटकी, बडबडी, उजव्या गालावर तीळ असलेली. दोन वर्षांत चेहरा पुसट झाला असेल, म्हणून खूण सांगितली. तू जेवतेस का, पुलांची मोजमापं घेताना उन्हात डोक्याला काही बांधतेस का, ते कळव. माझी तब्येत डोळे सोडून उत्तम आहे. पत्र तुझी आई लिहून घेते आहे, कारण मला अक्षरं कधी आलीच नाहीत, आणि आता शिकायला घेतली तर मोतीबिंदूमुळे दिसायची नाहीत.

तर झालं असं. तुझी आई ज्या दातांच्या डॉक्टरांकडे नोंदी ठेवते, त्यांनी वह्या बंद केल्या आणि तिला सांगितलं, आता सगळं स्प्रेडशीटमध्ये. म्हणून पन्नाशी उलटल्यावर ती क्लासला जाते, पहिल्या बाकावर बसते आणि घरी येऊन तोच धडा मला देते (एवढी गरीब विद्यार्थिनी तिला दुसरी कुठे मिळणार?). त्यात खणच खण असतात, शिंपिणीच्या बटणांच्या डब्यासारखे. पहिला आठवडाभर मास्तरणीने एवढंच शिकवलं, की खणातला मजकूर डावीकडे ठेवायचा, मध्ये की उजवीकडे. मी म्हटलं, फडताळात मी जन्मभर हेच केलं, मला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही. पण एक गोष्ट मला पटली. आपण काही सांगितलं नाही, तर शब्द आपापले डाव्या भिंतीला टेकतात आणि आकडे नि तारखा उजव्या. न ओरडता इतकी शिस्त मी या घरात कधी पाहिली नव्हती.

सरावासाठी तिने माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची यादी केली. एका रांगेत नावं, शेजारच्या रांगेत कोण कधी येणार त्या तारखा. मला त्यातलं काही वाचता येत नाही, पडद्यावर काळं कुठल्या अंगाला आहे तेवढं फक्त कळतं. तुझी आत्या उजवीकडे, काका उजवीकडे, मावशीसुद्धा उजवीकडे (ती कधी नव्हे ती कुणाच्या बाजूने उभी राहिली), आणि तळाशी एकच ठिपका डावीकडे फटकून उभा. मी विचारलं, "हे कोण रांग मोडतंय?" तुझी आई म्हणाली, "काही नाही, नीट करते." मी म्हटलं, "नीट मागाहून कर, आधी कोण ते सांग." मग तिने सांगितलं. तुझ्या खणात तारीख नव्हती, शब्द होता. फोनवर तू म्हणालीस तोच, "बघू."

दुसऱ्या दिवशी ती क्लासमधून सगळं मध्ये आणायचं बटण शिकून आली आणि तिने ते दाबलं. संध्याकाळी पाहते तर तू सगळ्यांच्या ओळीत. मला वाटलं, दिली पोरीने तारीख. (तुझी आई म्हणते, यादी सुबक दिसावी म्हणून केलं होतं. आता लिहायची थांबली आहे. लिही गं, वाचता येत नसलं तरी थांबलेला हात दिसतो मला.) मी कुणाला काही विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं. तुझी गादी उन्हात टाकली, उशीचा अभ्रा बदलला, समोरच्या शिंपीणबाईला सांगून टाकलं. चार दिवस मी इतकी गोड वागले की तुझ्या बापाला काळजी वाटायला लागली.

पाचव्या दिवशी त्याने शहाणपणा केला. त्याला नटवलेली यादी खपत नाही, म्हणून त्याने सगळी सजावट पुसली. माझ्या डोळ्यांदेखत सगळे उजवीकडे गेले आणि तू एकटी डावीकडे. मी म्हटलं, "तुझ्या कॉम्प्युटरने पोरीला परत पाठवलं." तो म्हणाला, "आई, ती आलीच नव्हती." मग उगाच पाणी प्यायला उठला.

गादी अजून घातलेलीच आहे. शिंपीणबाई विचारते, नात कधी येणार? मी म्हणते, "बघू." तुझा शब्द मलाही छान म्हणता येतो.

तुझ्यावाचून पूल पडणार असेल तर येऊ नकोस. मला राग नाही. खालचा निळा डाग म्हणजे माझा अंगठा, म्हणजे मी.

तुझी,
आजी

ता. क. राग नाही हे खोटं आहे. ऑपरेशन पुढच्या बारा तारखेला आहे आणि पट्टी तेराला सकाळी काढतात. आत्याचा चेहरा मला पाठ आहे, काकाचा तर नको तितका. तुझा आता कसा झालाय ते मला ठाऊक नाही. फोनवर तू वाफेच्या आड बसल्यासारखी दिसतेस. पट्टी निघेल तेव्हा समोर तू हवीस. तारीख कळव, तुझी आई खणात घालेल.

आणखी एक ता. क. खाऊ पाठवणार असशील तर बिस्किटं नकोत. तुझ्या कामाच्या वाटेवर झाडाला लागतात म्हणालीस ती अंजिरं पाठव, हात लावताच फुटतील इतकी पिकलेली. टपालाने पाठवू नकोस, चेपतात. मांडीवर ठेवून आणावी लागतात.