च्या नको म्हणणारी बाई

६ जानेवारी १९६०, पौड

आज पुन्हा विटकरी. सकाळी नळीत निळं द्रावण घेतलं, लघवीचे थेंब टाकले, स्पिरिटच्या दिव्यावर उकळलं. निळंच राहायला हवं होतं. आधी हिरवं झालं, मग पिवळं, मग चांगलं विटेसारखं. म्हणजे साखर भरपूर. काल घरोघर गुळाचा चहा प्यायले, त्याचा हा रंग.

पिऊ नये हे मलाही कळतं. पण ग्रामसेविकेने लोकांच्या घरात शिरायचं, चुलीपाशी बसायचं, पोरांना देवी टोचून घ्या म्हणायचं आणि पुढे आलेला कप मात्र परत करायचा, हे कसं जमवायचं ते प्रशिक्षणात कुणी शिकवलं नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी पथ्याचा छापील कागद दिलाय. सकाळी टोस्ट. दुपारी फुलके, उकडलेल्या भाज्या. चार वाजता सफरचंद. पौडच्या बाजारात सफरचंद. हा कागद लिहिणारा गृहस्थ भातावर जगणाऱ्या मुलखात एक दिवस तरी राहिला आहे का? इथे पाहुणी आली की भात, आणि मोठी पाहुणी आली की गोड भात.

उद्यापासून चहाला सरळ नाही म्हणायचं. ठरलं.

८ जाने.

करंजटेप. भुकूमला एस.टी.तून उतरून टेकडी चढून गेले. वर सरपंचांची आळी, खाली ओढ्यापलीकडे वस्ती. खालच्यांनी मागेच बौद्ध धर्म घेतला. वरच्यांच्या लेखी काही बदललेलं नाही.

खाली गिरजाबाईकडे बायका जमवल्या. तिशीची असेल, बोलायला फटकळ. तिच्या शब्दावर बाकीच्या येतात. तिने चहा केला, मी नको म्हणाले. पाणी दिलं, तेही नको म्हणून माझ्या बाटलीतलं प्यायले. मागे मुठा खोऱ्यातल्या एका गावात जुलाबांनी आडवी झाले होते, तेव्हापासून उकळलेलंच पिते. कुठेही गेले तरी.

गिरजाबाईने भरलेला कप उचलून चुलीशी ठेवला. मग म्हणाली, "सरपंचाच्या घरी बी बाटलीतलंच पेता का?"

"हो, सगळीकडे."

"आमी कुटं बघाया येतोय."

बाकीच्या बायका खाली बघून हसल्या. माहितीचे तक्ते गुंडाळून परत आले.

अंगाचा तिळपापड झाला. ज्या सोवळ्याओवळ्याला कंटाळून सासरचं घर सोडलं, त्याच सोवळ्याचा ठपका माझ्यावर. आजार आहे म्हणून सांगावं तर बातमी ऑफिसपर्यंत जायला वेळ लागणार नाही. गेल्या साली एक सेविका दम लागतो म्हणाली. महिन्याच्या आत घरी. मला घर कुठलं? ही पौडची भाड्याची खोली.

१२ जाने.

करंजटेप खालची वस्ती. दोन म्हाताऱ्या सोडून कुणी आलं नाही. एक म्हणाली, "गिरजानं सांगितलंय, ज्या बाईला आमचं पानी चालत न्हाई तिचं ग्यान बी नको."

बरोबरच आहे तिचं. म्हणून तर जास्त राग येतो.

सकाळी हिरवं. चहा बंद केल्याचा एवढाच फायदा.

१६ जाने.

संक्रांत झाली तरी तिळगूळ चालूच. सरपंचांच्या घरी बसले होते. त्यांच्या आई, सगळे आत्या म्हणतात, सुनेला सांगत होत्या, "बाई किती पथ्यानं ऱ्हात्यात बग. खालच्यांकडं पान्याला बी तोंड लावलं न्हाई. अशी बाई पायजे गावाला."

म्हणजे बातमी वर पोचली, आणि इथे तिचं कौतुक. खाली ज्यासाठी तोंडावर दार लावलं त्याचीच इथे शाबासकी. मी म्हणाले, "आत्या, तसं नाही. मी तुमच्याकडेही बाटलीतलंच पिते." त्या म्हणाल्या, "व्हय, तुमचं सोवळं लई कडक."

संतापाने हातातला तिळगूळ तोंडात टाकला. वर आणखी एक. संध्याकाळी विटकरी. रागावले मी, भोगलंही मीच.

२१ जाने.

आज अक्षर वेडंवाकडं येईल.

आमच्या ब्लॉक ऑफिसच्या साहेबांची भेट होती करंजटेपला, सरपंचांच्या घरी. सकाळी पौडलाच इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं, वर अर्धी भाकरी. जेवण बारापर्यंत होईल असं सरपंच म्हणाले होते. सुई टोचली की वेळेवर खावंच लागतं, नाहीतर साखर एकदम उतरते. बारा वाजून गेले, जीपचा पत्ता नाही. साहेबांच्या आधी कुणी जेवायचं नाही. माझा डबा पिशवीत, पिशवी माजघरात, आणि मी मांडवात बालवाडीचे तक्ते धरून उभी.

जीप आली ती उन्हं कलायच्या बेताला. वाटेत कुणाकडे तरी थांबले होते म्हणे. मग हार, मग भाषण. मग पुरुषांची पंगत. बायका नंतर. मला घाम फुटला. साहेबांनी काहीतरी विचारलं, मी भलतंच उत्तर दिलं. सगळे हसले. डब्यासाठी माजघराकडे निघाले तर आत्या म्हणाल्या, "बाई, आत्ता न्हाई, पुरुष जेवत्यात." मागच्या मागे बाहेर पडले. कुठे जातेय ते कळत नव्हतं. उतार दिसला, त्या बाजूला पाय गेले.

ओढ्यापाशी खाली बसले. गिरजाबाई लाकडाची मोळी घेऊन चालली होती. तिला म्हणाले, "गूळ."

"आता व्हय गूळ पायजे?" म्हणाली. पण तोंड बघितलं माझं, आणि मोळी टाकून पळाली. परत आली ती गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन. स्वतःच्या हाताने खडा तोंडात घातला, वर पाणी पाजलं. वस्तीचंच पाणी.

जरा वेळाने डोळ्यांपुढचं निवळलं. तिने विचारलं, "फेफरं हाय का?"

"नाही. साखरेचा आजार. गोड खाल्लं की वाढतो. सुई टोचून उपाशी राहिले की ही अशी गत."

"मंग आदी का न्हाई सांगितलं? आमी काय नाक दाबून च्या पाजनार व्हतो?"

"माझा आजार मी गावभर का सांगत फिरू?"

"नका सांगू. आमी मातर मनात जळत ऱ्हायाचं. आमच्या हातचं नको म्हनून तोंड फिरवनारी मानसं आमी जल्मापासून बगतुया. तुमची साखर आमाला काय दिसती?"

मीही बोलले, आवाज चढवून. नोकरी गेली तर कोण पोसणार म्हणाले. ती म्हणाली, ते आमाला इचारा, कोन पोसतं ते. तिथेच दगडावर बसून दोघी भांडलो. मग ती मला धरून भुकूमच्या रस्त्यापर्यंत आली.

२३ जाने.

पिशवी आणायला करंजटेपला गेले. गावात वेगळीच कथा तयार. बाईंनी खालच्या वस्तीत खाल्लं, म्हणून भोवळ आली. आधी भोवळ, मग गूळ, हे कुणाला सांगू? आत्यांनी मला ओट्यावरच थांबवलं, पिशवी सुनेच्या हाती बाहेर पाठवली. आज चहाचा आग्रह नाही. इतके दिवस जो आग्रह चुकवत होते तो नाही, तर तेही झोंबलं.

२५ जाने.

साहेबांनी बोलावलं. "तब्येतीचं कळलं. फिरतीचं काम बायकांना तसंही जड, त्यात हे भोवळीचं दुखणं. राजीनामा देऊन टाका, शेरा चांगला लिहितो."

म्हणाले, "साहेब, त्या दिवशी आपण वेळेवर आला असता तर मी पडले नसते."

एवढं बोलून गेल्यावर वाटलं, संपलं. ते नुसते कागद सारखे करत राहिले. मग म्हणाले, पुण्याच्या सरकारी डॉक्टरांचा दाखला आणा, बघू.

बघू. उशीर त्यांचा, पंगत सरपंचांची, आणि दाखला मी आणायचा.

३० जाने.

पुण्याला जाऊन आले. डॉक्टर भले वाटले. "काम करायला काही हरकत नाही, पण जेवण ठरल्या वेळी मिळालं पाहिजे. त्याची हमी कोण देतं?" म्हणाले. मी म्हणाले, मीच. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि दाखल्यात लिहिलं, 'आहार वेळेवर मिळाल्यास'. ही अट साहेब कशी वाचतील ते मला माहीत आहे. दाखला ऑफिसात दिला. उत्तर नाही.

२ फेब्रु.

खालच्या वस्तीत गेले. आज बायका आल्या. काही आजाऱ्याला बघायला आल्या असतील. सगळं सांगितलं. सुई काय, साखर काय, पाणी का उकळते. कुणी विचारलं, ह्यो लागतो का दुसऱ्याला. नाही म्हणाले. गिरजाबाई चुलीशी पाठ करून बसली होती. मधेच म्हणाली, "पानी उकळायाचं तर सरपन कोन देनार? तुमचं सरकार?" सरपणाची सोय सरकारच्या कुठल्याच योजनेत नाही. तसं सांगितलं.

५ फेब्रु., करंजटेप

दुपार. गिरजाबाईकडे बसले होते. माझा डबा उघडला तर तिने काही न विचारता तिच्या तव्यावरची नाचणीची भाकरी ताटात टाकली, वर पावट्याची आमटी. "भात न्हाई वाडत," म्हणाली. दोन घास खाल्ले तोच सरपंचांकडचा गडी अंगणात. लांबच उभा राहिला.

"सरपंचांनी बलावलंय. बालवाडीला खोली द्यायाची का, ते बोलायाचंय. आन आत्या म्हनत्या, वर यायचं आसल तर हितं जेवून येऊ नका."

गिरजाबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. ताट ओढून घ्यायला हात मात्र पुढे केला. मी तो बाजूला सारला. गड्याला म्हणाले, "सांग, बाई जेवतायत. जेवून येते."

पोटभर जेवले. आमटी फार तिखट होती, तेही सांगितलं. "उद्या कमी घालीन," म्हणाली. उद्या येणार असं मी म्हटलेलं नव्हतं.

आता वर सरपंचांकडे आलेय. दार लोटलेलं. ओट्यावर बसून हे लिहितेय. आत माणसं आहेत, बोलणं ऐकू येतं. मी आल्याचं त्यांना कळलंय, कारण बोलणं मघाशी थांबलं होतं. पुन्हा सुरू झालंय. आत या म्हणून हाक नाही, पण खोलीचं बोलल्याशिवाय मी या ओट्यावरून उठणार नाही.