आईने न पाहिलेला गोल

२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोन करायचा सोडून हिने पत्र का धाडलं, म्हणून तू दोनदा पाकीट उलटसुलट केलं असशील. कारण सोपं आहे. आपल्या घरात फोनवर बोललेलं सगळं शिलाई मशीनपर्यंत पोचतं. आई पुढच्या खोलीत लोकांच्या पँटी आखूड करत बसलेली असते, आणि माझा आवाज जरा खाली गेला की मशीन थांबतं. म्हणून हा मार्ग.

विषय गुडघ्याचा. डॉक्टरांनी मला पुन्हा बास्केटबॉल खेळायला परवानगी दिली. आमच्या कोच मॅडमनी संघात घेतलंसुद्धा. आता फक्त आई उरली आहे, आणि तिच्यावर अपील नाही. ती विचारते, की ऑपरेशननंतर हिवाळाभर तुला खुर्चीत बसवून न्हाऊ कोणी घातलं, डॉक्टरांनी का? तिनेच घातलं. बाबांना मत विचारलं तर ते पेपर आणखी वर धरतात.

पुढच्या आठवड्यात शनिवारी आमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये सामना आहे. समोरचा संघ आम्हाला दर वर्षी धूळ चारतो. आईने एकदाच येऊन बघावं आणि मग काय ते ठरवावं, एवढंच माझं म्हणणं. ती तुझं ऐकते. नाही ऐकलं तरी तुझ्याशी भांडताना तिचं माझ्याकडे दुर्लक्ष होईल, तेही चालेल.

उत्तर आईच्या नावाने पाठव. माझं नाव त्यात येऊ देऊ नकोस. प्रेम आहेच, आता जरा वशिलाही असू दे.

तूच नाव ठेवलेली,
शिडी

---

५ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या लेकीने मला गुपचूप पत्र लिहिलं आहे आणि तिचं नाव येऊ देऊ नकोस म्हणून बजावलं आहे. तेव्हा तू हे वाक्य वाचलं नाहीस असं समज.

दवाखाना बरा चालला आहे. काल एक आजोबा नवी कवळी बसवून घेऊन गेले आणि जुनी माझ्या टेबलावर ठेवून गेले. आता ती दिवसभर माझ्याकडे बघून हसते. तुझी आठवण आली. तू खूप रागावलीस की अशीच हसतेस.

वहिनी, आपल्या घरात तू नवी आलीस ते दिवस मी विसरलेले नाही. मी परगावी दाताची डॉक्टर व्हायला जाऊ नये, म्हणून आईने अन्नपाणी सोडलं होतं. तेव्हा तुला माप ओलांडून वर्षही झालं नव्हतं. तरी तूच तिच्यासमोर उभी राहिलीस आणि पोरीची जबाबदारी माझी म्हणालीस. माझं काही वाकडं झालं असतं तर बोल तुलाच लागला असता. त्या वेळी तुला भीती वाटली नसेल? आणि आता स्वतःच्या पोरीच्या वेळी मात्र पाय मागे?

भीती रास्त आहे, हे मला कळतं. तो हिवाळा तूच काढलास, मी लांबून फक्त फोन केले. म्हणून एक सुचवते. तिच्याकडून शब्द घे, की गुडघ्याने जराशी कुरकुर केली तरी ती आपणहून बाहेर येईल. सामना हातचा जात असला तरी. तिने शब्द मोडला तर मी तिची बाजू सोडेन आणि तुझ्यासारखीच दात दाखवून हसेन.

दादाला सांग, हॉलमध्ये पेपर नेता येत नाही. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी नणंद

---

१७ फेब्रुवारी

श्रीमती वन्संना,
स. न. वि. वि.

मायन्यावरून कळलंच असेल की मी रागात आहे. एरवी मी तुला वन्सं म्हणत नाही. जुनी लढाई काढून भावजयीला कोंडीत पकडायचं हे आपल्याला शोभलं नाही. पण आपण नेम बरोबर धरलात, म्हणून शिडीकडून तो शब्द घेतला आणि गेले. आपल्या बंधूंनाही नेलं.

शाळेच्या गॅदरिंगला बसतात तशा लाकडी पायऱ्यांवर बसवलं. गोंगाट असा की शेजारी बसून हे काय म्हणतात तेही कळेना. खेळ मला समजला तो असा: दहा मुली एका चेंडूमागे धावतात आणि हातात आला की लगेच दुसरीला देऊन टाकतात. आमची शिडी जाळीखाली उभी, हात वर केला तर जाळीला लागेल, तरी तिने दोनदा चेंडू दुसरीला दिला. घरात बशीतलं शेवटचं बिस्किट तिने आजवर कोणाला दिलेलं नाही. मी एकदा जोरात टाळ्या वाजवल्या, तर सगळे वळून बघायला लागले. गोल समोरच्यांचा होता. पण छान झाला होता, त्याला मी काय करू?

शेवटी शिटी वाजली आणि दोघांचे गुण सारखे. मी पर्स उचलली. म्हटलं बरं झालं, कोणी रडायला नको. तर हे म्हणाले, बस खाली, आता जादा वेळ देतात. कशाला गं? तोडगा निघाला होता की चांगला!

त्या जादा वेळात आपल्या मुली एका गुणाने मागे पडल्या. शिडीने उंच उडी मारून चेंडू धरला, खाली आली, तो आपल्याच एका मुलीला दिला आणि थांबली. मला इतक्या लांबून कळलं. ती दुखणं लपवते तेव्हा खालचा ओठ आत घेते, लहानपणापासून. मी मनात म्हटलं, आता ही लपवणार. कोण नाही लपवणार, सांग? सगळा हॉल तिच्या नावाने ओरडत होता. पण तिने पंचांच्या दिशेने हात वर केला आणि लंगडत बाहेर आली. हॉल असा हळहळला, जणू कोणी भरलेली कपाटं खाली पाडली. शेजारच्या एका काकांनी नाजूक आहे वाटतं पोरगी असं म्हटलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

तिच्या जागी चिमणी नावाची एक एवढीशी मुलगी आली. शेवटच्या क्षणी तिने लांबून चेंडू फेकला. तो कड्यावर बसला, गोल फिरला, जरा विचार केला आणि आत पडला. आपण एका गुणाने जिंकलो. मधल्या वेळात माझे पाय अवघडले होते, म्हणून मी जरा खाली जाऊन आले. बाकी विशेष काही नाही.

तुझ्यावरचा राग पत्र लिहिता लिहिता निम्मा झाला. उरलेला तू आलीस की काढीन. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
वहिनी

---

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी गुडघ्याचं. फक्त सूज आहे, शिवण शाबूत आहे. दोन आठवडे विश्रांती, मग पुन्हा सराव. आईने डॉक्टरांना हेच तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून घेतलं.

तिने तुला सामन्याचं लिहिलं, असं कळलं. पाय अवघडले म्हणून खाली गेले असं लिहिलंय ना? आत्या, ती पायऱ्या उतरून, मधली दोरी ओलांडून, थेट आमच्या बाकावर येऊन बसली. समोरच्या कोचने लगेच पंचांकडे तक्रार केली. तेव्हा आमच्या मॅडमनी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की या संघाच्या टेलर आहेत. आईने ती नेमणूकच मानली. काल ती सगळ्यांचे शर्ट घरी घेऊन आली आहे आणि चिमणीचे खांदे किती सैल आहेत यावर बाबांना व्याख्यान देते आहे.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. हात वर करण्याआधी माझ्या मनात आलं होतं, की मॅडमना काही दिसलेलं नाही, अजून थोडंच तर खेळायचंय. शब्द दिलाय हे आठवलं, पण खरं सांगू, शब्दाने नाही थांबले. हिवाळ्यात माझे केस धुताना आई पाठमोरी होऊन डोळे पुसायची, ते डोळ्यांसमोर आलं. बाकावर बसले तेव्हा डोक्यावर टॉवेल घेतला होता. वाटलं सामना घालवला आणि वर आता आईही म्हणणार, सांगत होते ना.

ती तसं काही म्हणाली नाही. तिने कुठे दुखतंय विचारलं, बर्फाची पिशवी मागून घेतली आणि जमिनीवर बसून माझा पाय मांडीवर घेतला. चेंडू कड्यावर बसला, फिरला, विचार केला, वगैरे तिने रंगवून लिहिलं असेल. ते सगळं बाबांकडून ऐकलेलं आहे. गोल झाला तेव्हा तिची मान खालीच होती. अख्खा हॉल उभा राहिला, चिमणीला मुलींनी उचललं, आणि आई दोन्ही अंगठ्यांनी माझ्या गुडघ्याच्या वाटीच्या कडा चाचपत होती.

त्या गोंधळात मान वर न करताच तिने विचारलं, की अजून खेळायचंय का. मी हो म्हटलं. तिने बर्फाची पिशवी दुसऱ्या बाजूला सरकवली. मग म्हणाली, की तर मग पाय नीट लांब कर, अशी अवघडून बसू नकोस.

आठवण ठेवतेस तशीच ठेव, आणि पत्रं माझ्या नावाने पाठवलीस तरी आता चालेल.

तुझी,
शिडी