दिलीपच्या गेटसमोरची गाडी

गोंदिया, मंगळवार, संध्याकाळ

पोलिसांनी गाडी उचलून नेली, याचं दुःख नाही. बंद पडलेल्या गाडीला निदान क्रेनमुळे तरी शहर फिरता आलं. सकाळी ती दिलीपच्या घरासमोर बंद पडली, तेव्हा हाच माझा शाळेपासूनचा मित्र म्हणाला, "राहू दे ना बे इथंच. घर तुझंच आहे." चहाही पाजला. मेकॅनिक घेऊन परत आलो, तर गाडी क्रेनला लटकलेली. हवालदाराशी भांडलो, "काऊन उचलून राहिले? घरमालकाची परवानगी आहे!" तो हसला. "अरे काका, उन्हीका फोन आया था. बोले, गेट पे किसी की लावारिस गाडी खडी है."

लावारिस! अडचण होत होती, तर तोंडावर का नाही बोलला? ढकलत नेली असती मी. घर तुझंच आहे, म्हणे.

आत्ता त्याचाच फोन. "गाडी नेली म्हणतात बे तुझी? ठाण्यात ओळख आहे आपली. फोन लावू का?"

"सकाळी लावलाच होता ना," मी म्हटलं.

तो एखादी थाप तरी मारेल आणि मी ती खुशाल खरी मानीन, या आशेने फोन कानालाच धरून बसलो.